दाराचं रबर

इंगळ्यांच्या फ्रिजचं हँडल त्यांच्या हातात आलं तेव्हा आम्ही सगळे हसलो. ते हँडल घेऊनच इंगळे जिना चढून वर आले होते. ते मेणासारखं वाकलं होतं आणि बोटांना चिकटत होतं.

"गावंडे, हे पाहा. फ्रिज म्हणून आणला, निघाली कुल्फी."

"वॉरंटी दाखवा त्यांना," मी म्हणालो.

"वॉरंटी गेल्या सालीच संपली. मुदत मात्र अजून चार वर्षं बाकी आहे म्हणे. मुदतीआधीच मेला लेकाचा."

संध्याकाळी त्यांच्या कपड्यांच्या मशीनचं झाकण खचलं. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा मिक्सर सुरू करताच फुटला. आठवडाभरात अकोल्यातल्या घराघरांतून रडगाणं सुरू झालं. औषधांच्या दुकानातले फ्रिज गेले, दवाखान्यातले गेले. मग कोणी हसेना.

हे का झालं ते माझ्या मुलीने, सानिकाने, मला सांगितलं. ती कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. मी हयात डाळ मिलमध्ये काढली, तेव्हा मला कळेल असं तिला सोपं करावं लागलं. तसंच इथे लिहितो.

पूर्वीच्या वस्तू बिघडल्या तरी त्यांचं प्लास्टिक मरत नसे. त्याचे डोंगर साचले. म्हणून मुदती प्लास्टिक निघालं. ते बनवतानाच त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या गोळ्या मिसळतात. गोळीच्या आत प्लास्टिक खाणारं एन्झाइम असतं आणि बाहेर कवच असतं. कवच हळूहळू झिजतं. आठ वर्षांनी ते फुटतं, एन्झाइम बाहेर येतं, प्लास्टिकच्या साखळ्या तोडतं, आणि वस्तूचं पीठ होतं. ते पीठ कुंडीत टाकलं तरी चालतं. कचरा नाही, म्हणून सरकार खूश. दर आठ वर्षांनी गिऱ्हाईक परत, म्हणून कारखानदार खूश.

"चूक कुठे झाली?" मी विचारलं.

"बाबा, कवच किती टिकतं ते सत्तावीस अंशांच्या खोलीत मोजलं होतं. उष्णता दहा अंशांनी वाढली की झिजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. इथे सावलीत अठ्ठेचाळीस आहे. फ्रिजच्या मागे तर साठ असेल. आठ वर्षांची मुदत आपल्या गावात तीन-चार वर्षांतच संपली."

"मग इथे येऊन का नाही मोजली?"

"इथे कोण येतंय मे महिन्यात?"

आमच्या घरात मात्र फ्रिज चालू होता. तो माझ्या बायकोचा, ज्योत्स्नाचा. तिच्या वडिलांनी तिच्या जन्माच्या आसपास घेतलेला आणि आमच्या लग्नात तिच्याबरोबर पाठवलेला. माझ्या आत्या तेव्हा नाकं मुरडत होत्या, की जावयाला जुना डबा दिला. लोखंडी अंग, जाड दार, दाराला कुलूप-किल्ली. दोनदा रंग दिला, एकदा गॅस भरला, बाकी काही नाही. "जुनं द्या, नवं घ्या" ही मोहीम आली तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांनी आपापल्या जुन्या वस्तू गाडीत चढवल्या. ज्योत्स्ना दारात आडवी उभी राहिली.

"आमचा आम्हाला राहू द्या," ती गाडीवरच्या पोरांना म्हणाली. "माझ्या लेकीचं औषध आहे त्यात."

गेल्या उन्हाळ्यात ज्योत्स्ना गेली. भाजी निवडताना बसल्या जागी गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

सानिका सात वर्षांची असल्यापासून तिला साखरेचा आजार आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. ते बाहेरून मिळालं नाही तर ती काही दिवसच तग धरेल. लहानपणी तिला रोज चार सुया टोचाव्या लागत. मग महिन्याचं इन्सुलिन आलं. एक सुई घेतली की महिनाभर निश्चिंती. ते औषध म्हणजे घट्ट घडी घातलेला दोरा आहे असं समजा. शरीरात गेल्यावर तो रोज थोडा थोडा उलगडतो. पण बाटली गरम झाली तर बाटलीतच उलगडतो आणि वाया जातो. त्याला दोन ते आठ अंश एवढीच थंडी लागते. जुनं रोजचं इन्सुलिन ओल्या फडक्यातल्या माठात ठेवलं तरी काही दिवस निभायचं. ते बनवणंच बंद झालं. सुई कमी टोचायची असेल तर जुनं कोण घेणार?

इमारतीत पहिली आली ती स्वप्नाली खंडारे. समोरच्या दारात राहते. नवरा सुरतेला कामाला. तिच्या ओजसलाही तोच आजार, पोरगा नऊ वर्षांचा. तिने पदराखाली बाटल्या धरल्या होत्या, बर्फाच्या पिशवीत.

"काका, ठेवता का? लहान मुलांना दोन महिन्यांचं एकदम देतात. दोन्ही आहेत माझ्याजवळ. कुठं घेऊन जाऊ?"

"ठेव ना. विचारायचं काय त्यात?"

मग पुढच्या गल्लीतले आले, मागच्या कॉलनीतले आले. कोणाचं इन्सुलिन, कोणाचे डोळ्यांचे थेंब, कोणाची बाळाची लस. वीज दिवसाचे काही तासच असायची, पण त्या जाड पेटीत थंडी टिकून राहायची. घरात सारखी वर्दळ. ज्योत्स्ना गेल्यापासून माझ्याकडे इतकी माणसं आली नव्हती.

आणि रिकाम्या हाताने कोणी येईना. आमच्याकडे अशीच रीत. ज्योत्स्नाही कोणाचं भांडं रिकामं परत पाठवत नसे. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. आता लोक माझ्या फ्रिजमध्ये औषध ठेवत होते, मग त्यांनी मोकळं कसं जावं? कोणी आंब्याचा रस आणला, कोणी श्रीखंड, कोणी कैरीचं पन्हं. मी नको म्हणायचो.

"वा! नको कसं? भाऊ, तुमच्या घरात बाईमाणूस नाही," मागच्या गल्लीतल्या एक आजी म्हणाल्या. "हे गोड फ्रिजात ठेवा आणि रात्री जेवा."

मी ठेवायचो. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. वर्षभर मी पोळी आणि पिठलं खात होतो. दार उघडलं की दहा घरांचे डबे दिसायचे आणि मला बरं वाटायचं.

एका दुपारी दार लावलं तर ते आपसूक चिकटेना. मी ढकललं, ते परत किंचित उघडलं. दाराच्या कडेचं रबर हाताला लागलं ते वाळक्या पापडासारखं. बोटाने दाबलं तर तडा गेला.

सानिका कॉलेजातून आली. तिने रबर पाहिलं, मग आतले डबे एकेक करून बाहेर काढले. श्रीखंडाच्या डब्याचं बूड तिच्या हाताला चिकटलं.

"बाबा, हे डबे कशाचे आहेत?"

"डबे डब्यांचेच. लोकांनी आणले."

"मुदती प्लास्टिकचे आहेत! सुटायला लागलेत. यांचं पीठ सगळं आत पडलंय."

"पण तूच म्हणाली होतीस, ते एन्झाइम नव्या प्लास्टिकलाच खातं. आपला फ्रिज जुना आहे."

ती फरशीवर बसली. तिने सांगितलं ते असं. दाराचं रबर म्हणजे खरं रबर नसतं, तेही एक कडक प्लास्टिकच. त्याला मऊ ठेवायला त्यात एक तेल मुरवलेलं असतं. मुदती प्लास्टिकच्या साखळ्या ज्या जोडाने जोडलेल्या असतात, त्याच जातीचा जोड त्या तेलात असतो. एन्झाइमला फ्रिज जुना की नवा हे कळत नाही. त्याला जोड दिसला की ते तोडतं. तेल तुटलं, रबर कडक झालं, फट पडली.

"नवं रबर मिळेल ना?" मी म्हणालो.

"मिळेल. मुदतीचं."

मी डबे उचलले आणि गच्चीवर नेऊन उन्हात रांगेने ठेवले. श्रीखंड पाहता पाहता आंबलं. मला इतका राग आला होता की मी कोणाचं नाव घेऊन ओरडावं तेच कळत नव्हतं. लोकांनी प्रेमाने आणलं होतं. मी प्रेमाने ठेवलं होतं.

नंतरचे दिवस वाईट गेले. नागपूरहून औषधांची थंड गाडी निघणार होती, ती निघाली नाही, कारण गाडीच्या पेटीचं अस्तरही मुदती होतं. जिल्ह्याच्या दवाखान्यात सलाईन होतं, इन्सुलिन नव्हतं. ज्यांच्या सुईची तारीख आली ते आपली बाटली घेऊन गेले. काही जण बर्फाच्या खोक्यात बाटल्या घालून पचमढीकडे, चिखलदऱ्याकडे नातेवाइकांत निघून गेले. फ्रिजमध्ये शेवटी तीन बाटल्या राहिल्या. एक सानिकाची, दोन ओजसच्या. सानिकाची तारीख शुक्रवारची होती. तारखेआधी पूर्ण सुई घेतली तर दोन्हींचा जोर एकत्र होऊन साखर घसरते, म्हणून थांबणं भाग होतं.

मंगळवारी सकाळी फ्रिजमधल्या थर्मामीटरचा काटा सात अंशांवर होता. सानिका कलेक्टर कचेरीत रांगेला गेली होती. दाराच्या फटीतून गार वारा माझ्या पायावर येत होता. गार वारा बाहेर म्हणजे गरम वारा आत. माझ्या डोळ्यांदेखत काटा हलला असं मला वाटलं.

मिलमध्ये आम्ही कोठीची फट उडदाच्या पिठाने बुजवायचो. उडीद भिजवून वाटला, चिकट होईपर्यंत फेटला आणि लिंपला की वाळून दगड होतो. मी तेच केलं. ज्योत्स्नाच्या जुन्या पाट्यावर उडीद वाटला. लिंपण्याआधी दार एकदाच उघडलं, सानिकाची बाटली मधल्या कप्प्यातून उचलली आणि मागे, बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली, सगळ्यात गार जागी. थंडीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. दार बंद केलं, कुलूप लावलं, चहूबाजूंनी पीठ लिंपलं. दुपारी वीज आली आणि कधी नव्हे ती टिकून राहिली. पीठ वाळलं. फटीवर हात धरला तर वारा नव्हता. मी फ्रिजला पाठ लावून बसलो आणि शुक्रवारची वाट पाहू लागलो.

ओजसच्या बाटल्या आत होत्या हे मला माहीत होतं. त्याची तारीख मी विचारली नाही.

बुधवारी सकाळी स्वप्नालीने दार वाजवलं.

"काका, ओजसची बाटली द्या. आज तारीख आहे."

"शुक्रवारी देतो."

"शुक्रवारी? आज आहे म्हणते ना मी."

तिने आत येऊन पाहिलं. दाराभोवती पांढरी पोतारलेली कड, वर कुलूप.

"हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"एकदा उघडलं की थंडी जाईल. पीठ वाळायला दुपार लागते, तोवर वीज राहील न राहील. सानिकाची तारीख शुक्रवारी आहे. त्याला दोन दिवस इकडेतिकडे चालेल. गोड देऊ नको. पाणी पाज."

"तुमची पोरगी आहे, अन् माझं काय भंगार आहे?"

मी खिशावर हात ठेवला. ती माझ्या खिशाकडे पाहत होती. किल्ली तिथेच होती हे तिला कळलं होतं. ती रडली नाही. ती म्हणाली, "काकू असत्या तर तुम्ही असं केलं असतं का?" आणि गेली.

दुपारी सानिका दमून आली. तिने पीठ पाहिलं, कुलूप पाहिलं आणि हात पुढे केला.

"किल्ली."

"नाही."

"बाबा, तारीख म्हणजे तारीख. त्याचं जुनं औषध कालपासूनच ओसरतंय, आज संपलंय. त्याच्या रक्तात आम्ल साठायला लागेल. नऊ वर्षांचा आहे तो."

"मला दुसऱ्याचं पोरगं माहीत नाही. मला तू माहीत आहेस. तुझी आई गेली तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. आता मी कुठे जाणार नाही."

"म्हणून त्याला मारणार?"

"ओरडू नको माझ्यावर!"

ती ओरडत नव्हती. मीच ओरडत होतो.

तेवढ्यात समोरच्या घरातून ओकारीचा आवाज आला. पुन्हा आला. स्वप्नाली ओजसला उचलून आमच्या घरात घेऊन आली आणि तिने त्याला सरळ फ्रिजसमोर फरशीवर निजवलं. पोरगा धावून आल्यासारखा जोरजोरात श्वास घेत होता. ओठ सुकले होते. त्याच्या तोंडाला फार पिकलेल्या फळाचा वास येत होता. हा वास मी ओळखतो. सानिका सात वर्षांची असताना दवाखान्यात नेली, तेव्हा रिक्षात तोच वास होता, आणि ज्योत्स्ना तिच्या गालावर थापट्या मारत होती.

"इथेच राहील हा," स्वप्नाली म्हणाली. "तुम्ही पाहा."

मी किल्ली काढली. घाईत ती कुलपात जाईना. सानिकाने माझ्या हातावर हात ठेवून ती फिरवली. पीठ फोडायला उलथनं घेतलं. तुकडे खाली पडले. दार उघडलं आणि आतून धूर आल्यासारखी थंडी आली.

दाराच्या कप्प्यात ओजसच्या दोन्ही बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर एक ठिपका असतो. औषध चांगलं असलं की तो निळा असतो, गरम झालं की लाल होतो. दोन्ही निळे होते. सानिकाने एका बाटलीतलं औषध सुईत भरून ओजसच्या मांडीला टोचलं. स्वप्नालीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"श्वास खाली येईल हळूहळू. सलाईनला न्यावं लागेल, पण येईल," सानिका म्हणाली.

मग मी मागून तिची बाटली काढली. ती बर्फाच्या खणाला चिकटली होती, ओढून काढावी लागली. तिच्यावरचा ठिपका पांढरा होता.

"पांढरा म्हणजे काय?" मी विचारलं.

सानिकाने बाटली उजेडात धरली. आत बर्फाची सुई उभी होती.

"गोठलं," ती म्हणाली. "गोठलं की घडी मोडते. गरम होण्यासारखंच."

"पण मी सगळ्यात गार जागी ठेवलं होतं."

"हो, बाबा."

ज्योत्स्ना ती बाटली कायम मधल्या कप्प्यात ठेवायची. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

ओजसचा श्वास तेवढा ऐकू येत होता. स्वप्नालीने आधी त्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहिलं, मग सानिकाकडे. तिने उरलेली निळी बाटली उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घ्या काका. तुमचा फ्रिज तर फुटलाच. ही ठेवू तरी कुठं मी?"

मला उत्तर माहीत होतं. पातेल्यात पीठ उरलं होतं. वीज चालू होती. औषध गोठलं याचा अर्थच असा, की माझं लिंपण पक्कं होतं. मधल्या कप्प्यात ठेवून पुन्हा लिंपलं असतं तर ओजसचा पुढचा महिना त्यात राहिला असता. मी तोंड उघडलं नाही. मी बाटलीकडे पाहत राहिलो.

सानिका बोलली.

"ठेवता येईल, ताई. थंडी टिकली होती, म्हणून तर हे गोठलं. बाबा परत लिंपतील. ओजसची ओजसला राहू दे."

स्वप्नालीचा हात थांबला. बाटली पुन्हा ठेवता येते हे आता तिलाही कळलं होतं. तिने ओजसच्या कपाळावरचे केस मागे केले. तो डोळे उघडायला लागला होता. मी मनात ज्योत्स्नाचं नाव घेत होतो, देवाचं नाही.

"लहानाची बाटली तुला किती दिवस पुरते?" तिने विचारलं.

"पंधरवडा. जेमतेम. पण नको, ताई. पुढच्या महिन्यात गाडी आली नाही तर ह्याचं काय?"

"अन् शुक्रवारी तुझं काय? पंधरवड्यात गाडी आली तर दोघं. नाही आली तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "टोच लवकर. गरम होऊन राहिली."

सानिका मानेने नको म्हणत होती. मी नको म्हणायला हवं होतं. सकाळी मी त्या बाईला परतवून लावलं होतं. मी हात पुढे करून बाटली घेतली. लहानाचा डोस दोन दिवस आधी गेला तरी चालणार होता. सानिका उठू लागली तर मी तिचा दंड धरला, लहानपणी धरायचो तसा, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताने तिला सुई टोचली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

इंगळ्यांनी रिक्षा आणली. आम्ही ओजसला सलाईनला नेलं. मी त्याला खांद्यावर घेऊन जिना उतरलो. स्वप्नाली पुढे होती, तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

परत आलो तर घर बर्फ वितळल्याने ओलं झालं होतं. फ्रिजचं दार सताड उघडं होतं, दिवा लागलेला होता, मोटर व्यवस्थित चालू होती. मी पातेल्यातलं पीठ हलवून पाहिलं. अजून लिंपण्याजोगं होतं. पण आत ठेवायला काही उरलं नव्हतं.